उन्हावर चालणारें यंत्र सावलींत कां ठेवावें?

घराच्या गच्चीवर सौर वीज घ्यावयाची ठरली म्हणजे सर्वांचें लक्ष काचेच्या प्लेटांकडे लागतें. त्या किती घ्याव्या, कोणत्या दिशेस कललेल्या असाव्या, बिल किती उतरेल, याची चर्चा पुष्कळ होते. भिंतीवर टांगावयाच्या इन्व्हर्टरच्या पेटीची विचारपूस मात्र क्वचितच होते. वस्तुतः ही व्यवस्था किती वर्षें टिकेल, आणि तिच्यापासून कोणाच्या जिवास अपाय होईल कीं नाहीं, हें बहुतांशीं ह्या पेटीवर अवलंबून आहे.

प्लेटांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहते. घरांतील दिवे-पंखे ज्या विजेवर चालतात, ती सेकंदास ५० आवर्तनें करते. पहिलीचें दुसरींत रूपांतर करणें हें इन्व्हर्टरचें काम. चांगला इन्व्हर्टरहि या कामीं शेंकडा तीन भाग वीज उष्णतेच्या रूपानें गमावतो. म्हणजे ३ किलोवॅटचें यंत्र भर उन्हांत चालूं असतां ९० वॅट उष्णता बाहेर टाकीत असतें. जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा दिवा पेटींत जळत ठेवावा, जवळजवळ तसाच हा प्रकार होय.

हिंगोली-नांदेड रस्त्यावरील आखाडा बाळापूर येथें वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तोहि सावलींत. मावळतीच्या उन्हानें तापलेल्या भिंतीवर पेटी बसविल्यास बाहेरचा व आंतला ताप एकत्र होतो. अशा वेळीं यंत्र स्वतःला वांचविण्यासाठीं वीज कमी देऊं लागतें, आणि तेंहि नेमकें ऐन दुपारीं. शिवाय आंतील कपॅसिटर नांवाचे भाग उष्णतेनें लवकर झिजतात. दर १० अंशांस त्यांचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा ढोबळ ठोकताळा आहे. सबब पेटी उत्तरेच्या भिंतीवर अथवा वळचणीखालीं असावी, आणि कारखानदारानें सांगितलेली मोकळी जागा तिच्या चोहोंबाजूंस सोडावी. चोरीच्या भीतीनें ती लोखंडी कपाटांत कोंडली, तर त्या कपाटाची भट्टी होते. पिंजरा करावयाचाच तर जाळीचा करावा.

धूळ व पाऊस यांसाठीं पेटीवर ‘आयपी’ या अक्षरांपुढें दोन आंकडे छापलेले असतात. पहिला धुळीपासून, दुसरा पाण्यापासून किती संरक्षण मिळतें तें सांगतो. उघड्यावर ठेवावयाच्या यंत्रास सामान्यतः ६५ हा क्रमांक मागतात: ६ म्हणजे धूळ मुळींच आंत न शिरणें, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यास दाद न देणें. परंतु पेटीस वरून एक भोंक पाडलें कीं हा क्रमांक निरर्थक ठरतो. तारा खालूनच, घट्ट रबरी बुचांतून घ्याव्या. शिरण्यापूर्वीं तारेस थोडा झोल ठेवावा, म्हणजे ओघळणारें पाणी झोलाच्या तळाशींच टपकून जातें.

आतां नियमांकडे वळूं जातां एक नियम पुष्कळांस जाचक वाटतो. बाहेरील पुरवठा बंद पडला कीं बॅटरी नसलेला इन्व्हर्टर आपोआप थांबतो, आणि लख्ख ऊन असतांहि घरांत पंखा फिरत नाहीं. हा यंत्राचा दोष नव्हे. पुरवठा बंद करून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या तारेंत एखाद्या गच्चीवरून वीज शिरली, तर त्याचा प्राण जाईल. म्हणून ही योजना. प्लेटांची बाजू, घराची बाजू व वीज-निवारक यांचें अर्थिंग निरनिराळें ठेवण्याचा दंडकहि अशाच दूरदृष्टीचा आहे.

फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित नियमांनीं १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांस तांत्रिक तपासणीची पूर्वअट काढून टाकली. त्याच महिन्यांत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेंत घरगुती ग्राहकास २ किलोवॅटला ६० हजार, तर ३ किलोवॅट वा अधिकास ७८ हजार रुपये अनुदान ठरलें. अर्ज सुलभ झाला. बसविण्याचे नियम मात्र सैल झाले नाहींत, आणि नेट मीटर लागल्यावांचून जादा विजेचा हिशेब होत नाहीं.

यास्तव कंत्राटदाराशीं लेखी ठराव करतांना प्लेटांच्या संख्येबरोबर पेटीची जागा, तिचा आयपी क्रमांक व अर्थिंग यांचाहि उल्लेख असावा. ती जागा दुपारीं दोन वाजतां व सायंकाळीं पांच वाजतां एकेकदां पाहून घ्यावी. तेथें ऊन पोंचत असेल, तर खिळा ठोकण्यापूर्वींच दुसरी भिंत शोधणें शहाणपणाचें.