नवे बेअरिंग बसवले, पण इंजिन सरळ रेषेत आहे काय?

आम्ही कापडाचे व्यापारी. उमर यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. शाफ्ट वाकडा फिरत असेल तर नवे बेअरिंगही टिकत नाही, हे मागावरचा पोऱ्याही जाणतो. तरीही हाच धडा आम्हाला बोटीच्या इंजिनावर मोठी किंमत मोजून पुन्हा शिकावा लागला.

एका नातेवाइकाबरोबर आम्ही स्पीडबोटीत भागीदारी केली होती. बोट वळवताना मागून घरघर येऊ लागली. मिस्त्रीने बेअरिंग बदलले, पैसे घेतले आणि तो गेला. ऐन हंगामात इंजिन जोरात फिरू लागले, पण पंखा फिरेना. आतल्या कपलरचे दाते साफ झिजले होते. कपलरसाठी पूर्ण इंजिन उचलून बाहेर काढावे लागले आणि हंगाम बुडाला. मिस्त्रीने इंजिनाचे अलाइनमेंट तपासलेच नव्हते.

ही बोट स्टर्नड्राइव्ह पद्धतीची. व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली ही रचना बाजारात आणली. यात इंजिन बोटीच्या आत मागच्या फळीला लागून असते आणि पंख्याचा भाग, म्हणजे ड्राइव्ह, फळीच्या बाहेर असतो. ड्राइव्हचा दातेरी शाफ्ट फळीतील गिंबल बेअरिंगमधून जाऊन इंजिनाच्या कपलरमध्ये बसतो. बेअरिंग आणि कपलर एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्याला दाते घासतात.

आता कामाची रीत पाहू. ड्राइव्ह काढल्यावर प्रथम रबरी बेलोज तपासावी. ती फाटली की पाणी शिरते व बेअरिंग गंजते. फाटकी बेलोज तशीच ठेवून बेअरिंग बदलणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. जुने बेअरिंग पुलरने ओढून काढावे आणि घराचा गंज साफ करावा. नवे ठोकताना मार बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे. ग्रीस भरण्याचे बेअरिंग असेल तर त्याच्या कड्याची फट ग्रीसच्या छिद्रासमोर यावी.

यानंतर खरी परीक्षा. त्या इंजिनासाठीच बनवलेला अलाइनमेंटचा दांडा घ्यावा; अंदाजे जाडीचा गज चालत नाही. टोकाला ग्रीस लावून तो बेअरिंगमधून कपलरमध्ये सरकवावा. हे बेअरिंग आपल्या घरात थोडे डोलते, म्हणून दांड्याच्या बाहेरच्या टोकाला चारी बाजूंनी हलके ठोके देऊन त्याचे तोंड सरळ करावे. दांडा दोन बोटांच्या जोराने आत-बाहेर झाला पाहिजे. हातोडीने आत घालावा लागला तर समजावे की रेषा चुकली आहे.

रेषा चुकली असेल तर पुढच्या माउंटिंगचे नट सैल करून दोन्ही बाजू सारख्या, थोड्या थोड्या वर किंवा खाली घ्याव्यात. दर वेळी दांडा काढून ग्रीसवरील दात्यांचे ठसे पाहावेत. ठसे एकाच बाजूला असतील तर काम अपुरे आहे. सगळीकडे सारखे उमटले तर ठीक. इंजिन पाव फेरा फिरवून पुन्हा पाहावे. नट आवळल्यावर शेवटची तपासणी जरूर करावी, कारण आवळताना इंजिन किंचित सरकते. नट पूर्ण फिरवूनही रेषा जुळत नसेल, तर इंजिनाखालचे लाकूड कुजले आहे काय, ते पाहावे.

आमच्या कोकणातील कितीतरी तरुण आखातात रोजीसाठी आहेत. काही बोटींच्या कामावरही असतील. कारागीर बंधूंनो, दांडा घालून पाहण्यास फार वेळ लागत नाही. ग्राहकाला ते ठसे दाखवा, मगच पैसे मागा. आणि मालकांनी दर वर्षी ड्राइव्ह काढून हीच तपासणी करून घ्यावी. आमच्या मिस्त्रीने ती केली असती, तर आमचा हंगाम वाचला असता आणि त्याचे गिऱ्हाईकही.