दुपारची झोप सुटते तेव्हा

दुपारी दीडला पडदे ओढले जातात, पंखा लावला जातो, आई किंवा आजी शेजारी आडवी होते. थोपटता थोपटता तिचाच डोळा लागतो आणि तीन वर्षांचं पोर मात्र टक्क जागं! गादीवर लोळतं, भिंतीला पाय लावून चढायला बघतं, मग हळूच उतरून स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळतं. ‘आज झोपला नाही ना, बरं झालं, रात्री लवकर झोपेल,’ असं म्हणेपर्यंत संध्याकाळचे साडेसहा होतात आणि वरणभाताचा घास गालात तसाच धरून मूल ताटावर डुलायला लागतं. झोपू द्यावं, तर आठ वाजता टवटवीत होऊन बारापर्यंत धुडगूस. जागं ठेवावं, तर तासभर रडारड. आणि दुसऱ्या दिवशी तेच मूल दुपारी दोन तास ढाराढूर.

अडीच ते पाच वर्षांची मुलं असलेल्या घरांत हे इतकं सारखं घडतं, की त्यावरून होणारे वादही सारखेच असतात. आजी म्हणते, ‘आमची पोरं पहिलीत जाईपर्यंत दुपारी झोपायची.’ आई म्हणते, ‘हो, पण रात्री साडेअकरापर्यंत मी जागते.’ पाळणाघरातल्या काकूंना दीड ते साडेतीन शांतता हवी असते, आणि ती त्यांनी मागण्यात गैर काही नाही. सकाळपासून दहा-बारा मुलं सांभाळल्यावर त्यांनाही दोन घास खायचे असतात. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर आहे. फक्त मुलाची झोप यांतल्या कुणाच्याच सोयीने सुटत नाही.

मग ती सुटते कधी? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या सॅली स्टेटन आणि सहकाऱ्यांनी जगभरात याविषयी झालेले अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. दोन वर्षं पूर्ण होण्याआधी दुपारची झोप पूर्णपणे सोडणारी मुलं अडीच टक्क्यांहूनही कमी निघाली. पाच वर्षांपर्यंत मात्र ९४ टक्के मुलांची झोप सुटलेली होती. म्हणजे दोन आणि पाच यांच्या मधे केव्हाही. शेजारच्या फ्लॅटमधली मुलगी अडीचव्या वर्षी दुपारी झोपायची थांबली आणि आपला मुलगा साडेचारलाही झोपतो, तर दोघंही या पट्ट्यात अगदी नीट बसतात. ‘दोन वर्षांचा झाला, आता दुपारी झोपतच नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक पालकांच्या बाबतीत ती झोप सुटलेली नसते, रुसलेली असते. नवं बोलणं, नवं घर, धाकटं भावंड यांच्या धांदलीत दोन-तीन आठवडे गायब होते आणि परत येते.

झोपेचा हा प्रवास खरं तर जन्मापासूनच चालू असतो. तान्हं बाळ दिवसरात्र तुकड्यातुकड्यांनी झोपतं. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास दिवसाच्या दोन ठळक झोपा उरतात, साधारण सव्वा-दीड वर्षाच्या आसपास सकाळची झोप गळते आणि एकटी दुपारची राहते. तिच्या जाण्यावरच एवढा गहजब होतो, कारण ती घरातल्या मोठ्यांचीही एकमेव विश्रांती असते.

ही झोप का लागते, याचं सर्वात मान्य स्पष्टीकरण १९८२ मध्ये झुरिकच्या अलेक्झांडर बॉर्बेली यांनी मांडलं. दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक म्हणजे शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. दुसरी म्हणजे जागेपणी साठत जाणारा झोपेचा दाब. आपण जेवढा वेळ जागे, तेवढा हा दाब वाढतो आणि झोपलो की उतरतो. लहान मुलांत तो फार वेगाने चढतो. सकाळी सातला उठलेलं दीड वर्षांचं मूल दुपारी बारा-एकलाच पार थकलेलं असतं. वय वाढतं तसा चढण्याचा वेग मंदावतो, आणि एक दिवस मूल सकाळपासून रात्रीपर्यंतचा पल्ला एका दमात गाठू लागतं.

पण हा वेग मंदावतो कशामुळे? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रिबेका स्पेन्सर आणि मेरीलँड विद्यापीठाच्या ट्रेसी रिगिन्स यांनी २०२२ मध्ये त्याचा संबंध स्मरणाशी जोडला. दिवसभरात दिसलेलं, ऐकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरतं साठतं आणि झोपेत तिथून मेंदूच्या बाह्य भागात कायमच्या मुक्कामाला जातं. लहान मुलाचा हिप्पोकॅम्पस अजून कच्चा असतो. छोट्या कळशीसारखा तो दुपारपर्यंतच काठोकाठ भरतो आणि रिकामा करायला झोप लागते. तो पक्व झाला की रात्रीपर्यंत थांबता येतं. हे अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, पण एकाच वयाच्या दोन मुलांत इतका फरक का, हे त्यातून चांगलं समजतं.

स्पेन्सर यांनी त्याआधी, २०१३ मध्ये, एक सुटसुटीत प्रयोग केला होता. बालवाडीतल्या ४० मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ दिला: कुठल्या चौकटीत छत्री, कुठल्या चौकटीत मांजर, अशा धर्तीचा. एकदा दुपारी झोपू दिलं, एकदा जागं ठेवलं. झोपून उठलेल्या मुलांना जागा जास्त आठवल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. जागं ठेवलेल्या दिवशी जे निसटलं, ते रात्रीच्या झोपेने भरून आलं नाही. आणि हा फायदा प्रामुख्याने त्या मुलांना झाला, ज्यांना रोज दुपारी झोपायची सवय होती. ज्यांची झोप आपसूक सुटत आली होती, त्यांचं विशेष काही बिघडलं नाही.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या मोनिक लबुर्जवा यांनी स्वभावाकडे पाहिलं. अडीच-तीन वर्षांच्या, रोज झोपणाऱ्या मुलांची एक दुपार चुकवली आणि त्यांच्यापुढे चित्रकोडी ठेवली. एक सुटणारं, एक मुद्दाम चुकीचा तुकडा घातलेलं. झोप झालेली मुलं चुकीचा तुकडा हातात आल्यावर गोंधळून बघत, म्हणजे काहीतरी गडबड आहे हे त्यांना उमजत असे. झोप न झालेली मुलं वैतागत. आणि कोडं सुटल्याचा आनंदही त्यांच्या चेहऱ्यावर कमी दिसे. संध्याकाळच्या ‘किरकिरी’ला हट्ट म्हणून धपाटा घालण्याआधी हे आठवलेलं बरं.

आता नाण्याची दुसरी बाजू. कॅरेन थॉर्प आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवरचे २६ अभ्यास तपासले. दोन वर्षांनंतर दुपारी झोपणाऱ्या मुलांना रात्री झोप उशिरा लागते, आणि रात्रीची झोप कमी व तुटक होते, हा त्यातला सर्वांत ठाम निष्कर्ष. स्टेटन यांनी पाळणाघरांतही हेच पाहिलं: जिथे मोठ्या मुलांना तासाभराहून जास्त वेळ सक्तीने झोपवलं जाई, तिथली मुलं रात्री कमी झोपत. याचा अर्थ दुपारची झोप वाईट असा नव्हे. जिची गरज संपली आहे ती लादली, की रात्रीतून वजा होते, एवढाच.

आपल्याकडे नेमकी इथेच मेख आहे. जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १७ देश-प्रदेशांतल्या तीन वर्षांपर्यंतच्या २९ हजारांवर मुलांची पाहणी केली. त्यात भारतही होता. न्यूझीलंडची मुलं सरासरी संध्याकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी झोपत, हाँगकाँगची रात्री १० वाजून १७ मिनिटांनी. आशियाई मुलं एकूणच उशिरा आणि कमी झोपत होती. मुंबई-पुण्यातल्या घरात यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. बाबा साडेआठला लोकलमधून उतरून घरी येतात, नऊला जेवण, मग जरा खेळणं, आणि झोपायला साडेदहा-अकरा. उशिराच्या रात्रीमुळे मुलाला दुपारी झोप लागते, दुपारी चार-साडेचारपर्यंत झोपल्यामुळे रात्र पुन्हा उशिरा होते. चार वर्षांचं मूल अजून दुपारी झोपतं, तेव्हा त्याला त्या झोपेची खरंच गरज आहे की ते रात्रीची उधारी फेडतंय, हे त्याच्या सकाळवरून कळतं. हलवून हलवून उठवावं लागत असेल, तर उधारी.

त्यात शाळा. ज्युनियर केजीची बस सात वाजता दाराशी, ही अनेक शहरांतली रीत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं परिपत्रक काढलं, आणि मुलांची अपुरी झोप हेच त्याचं कारण दिलं. बसचालक आणि दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा यांनी कुरकुर केली. तरी चार वर्षांच्या मुलाच्या बाजूने घेतलेला तो योग्य निर्णय आहे.

शाळा आणि झोप यांबाबत चीनमध्ये उलट टोकाची पद्धत आहे. तिथे प्राथमिक शाळेतली मुलंही दुपारी झोपतात, आणि जिनतान शहरातल्या चौथी ते सहावीच्या सुमारे तीन हजार मुलांच्या पाहणीत दुपारी झोपणारी मुलं जास्त आनंदी आढळली. आपल्या चरकसंहितेने उन्हाळा सोडता दिवसा झोपण्याला मनाई केली, पण त्यातून मुलांना, म्हाताऱ्यांना आणि अशक्तांना सूट दिली. मे महिन्यात नागपूरला दुपारी दोन वाजता पाच वर्षांचं मूल झोपलं, तर त्यात काळजीचं काही नाही.

घरात करायचं काय? आधी चोवीस तासांचा हिशेब मांडावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपार धरून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३ तास झोप लागते. आकडा भरतोय आणि संध्याकाळी मूल हसतंखेळतं आहे, तर दुपार सुटली तरी सुटू द्यावी. आठवड्यातले चार-पाच दिवस अर्धा-पाऊण तास गादीवर लोळूनही झोप लागत नसेल, किंवा दुपारी झोपलं की रात्री तासतासभर डोळा मिटत नसेल, तर वेळ जवळ आली आहे. एकदम बंद करू नये. झोप तासाभरावर आणावी, तीनच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि न झोपलेल्या दिवशी रात्रीचं जेवण व झोप तास-पाऊण तास अलीकडे ओढावी. हे शेवटचं घरोघरी राहून जातं, कारण त्यासाठी मोठ्यांना आपलं वेळापत्रक हलवावं लागतं. बदलाचे हे महिने अडखळतच जातात: आज झोप, उद्या नाही, परवा रिक्षात बसताच मान टाकली.

झोप गेली तरी दुपारची विश्रांती ठेवावी. गादीवर चित्रांची पुस्तकं, ठोकळे, बाहुली. टीव्ही आणि मोबाइल नाही. पाळणाघरातही न झोपणाऱ्या मुलांना एका कोपऱ्यात असं काही देता येतं. ‘डोळे मिट नाहीतर…’ हे वाक्य त्यापेक्षा सोपं पडतं, पण त्याने झोप येत नाही.

पाच वर्षांनंतर मात्र रात्री पुरेशी झोप होऊनही मूल रोज दुपारी झोपत असेल, वर्गात पेंगत असेल, तोंड उघडं टाकून घोरत असेल किंवा रात्रभर हातपाय झाडत असेल, तर ‘झोपाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नका. नाकामागच्या ग्रंथी आणि टॉन्सिल वाढून रात्री श्वास अडत असेल. रक्तात लोह कमी असेल. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली आहेत. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना दोन आठवड्यांच्या झोपेच्या वेळा लिहून न्या, आणि घोरण्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या.