गोड बिस्किटातलं मीठ

“मी तर गोड बिस्किट खाते, त्यात कसलं आलंय मीठ?” बीपीची गोळी चालू असलेल्या आजी हमखास असं म्हणतात. पुडा उलटा करून बघा, मागे सोडियम लिहिलेलं असतं. मीठ असतंच, खाण्याच्या सोड्यातूनही सोडियम येतं. साखरेच्या आड ते जिभेला कळत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, पुष्कळ झालं. डाळ, भाजी, लोणचं, सगळं त्यातच आलं.

एकदा घरी चॉकलेटची खारी-गोड बटर बिस्किटं करा, म्हणजे काय किती पडतं ते आपल्या हाताला कळेल. ओव्हन लागत नाही.

बटरची 100 ग्रॅमची वडी, पिठीसाखर 75 ग्रॅम, गव्हाचं पीठ 150 ग्रॅम, कोको पावडर 15 ग्रॅम. घरी काटा नसेल तर किराणावाल्याकडूनच तोलून आणा. दुधात घालायची गोड चॉकलेट पावडर नको, तिच्यात साखरच फार. दुकानातलं पिवळं बटर बहुधा खारं असतं, म्हणून पिठात वेगळं मीठ घालायचं नाही. बटर म्हणजे काही औषध नव्हे, तीही घट्ट चरबीच. पण काय घातलं ते आपल्याला ठाऊक असतं.

बटर-साखर हलकी होईपर्यंत फेसा, पीठ-कोको चाळून घाला, लागलं तर चमचाभर दूध. मुलं कच्चा गोळा चाटायला टपलेली असतात, त्यांना आवरा. कच्च्या पिठातही जंतू असू शकतात. वीस चपटी बिस्किटं होतील. वर सगळ्यांत मिळून दोन चिमटी मीठ भुरभुरा. वरचं मीठ जिभेला आधी लागतं, म्हणून थोडं पुरतं.

जाड बुडाच्या कढईत जाडं मीठ पसरा (हे मोजणीत धरू नका!), वर जाळी ठेवून झाका, दहा मिनिटं तापवा. नॉनस्टिक भांडं नको. तूप लावलेल्या ताटलीत बिस्किटं मांडून मंद आचेवर वीसेक मिनिटं ठेवा. रंग आधीच काळा, त्यामुळे करपलेलं दिसत नाही. कडा कोरड्या झाल्या की उतरवा. तेव्हा मऊच लागतील, गार झाल्यावर कडक होतात. पहिला घाणा बिघडला तर आच मोठी होती असं समजा.

एका बिस्किटात 5 ग्रॅम बटर आणि जवळपास 4 ग्रॅम साखर आहे. मुलांना दोन पुरेत, तीही जेवणानंतर. सकाळच्या पोळी-भाजीच्या जागी नकोत. रक्तवाढीची गोळी घेणाऱ्या मुलीने गोळी आणि चहा-बिस्किट यांत दोनेक तासांचं अंतर ठेवावं.

आजीची बिस्किटं वर मीठ न भुरभुरता वेगळी काढा. बटरमधलं मीठ त्यांतही आहेच, म्हणून तिला एकच.