ओढ्याचे पाणी मोजताना

अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा कविता आपल्याला जमणार नाही, हे मी ओळखून होतो. मी द्वितीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी, विषय भूगोल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले तेच सांगतो.

आमच्या गावाजवळचा ओढा पुढे कृष्णेला मिळतो. त्याच्या पुलाच्या खांबावर पाण्याची मोजपट्टी आहे. गेली १४ वर्षे माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) रोज सकाळी ८ वाजता ती वाचून वहीत आकडा लिहितात. पूर आला की दर तासाला, मग मध्यरात्र असली तरी. काम रोजंदारीचे. माझी फी त्यातूनच भरली गेली.

गेल्या मे महिन्यात ओढ्याला जेमतेम धार असताना तेथे पाण्याखालचे दाबमापक यंत्र बसवायला माणसे आली. सुट्टी होती, म्हणून मीही पहार धरायला गेलो. यंत्र म्हणजे बोटाएवढी पोलादी नळी. अण्णा मला हळूच म्हणाले, "आरं, ह्या नळकांड्याला पाण्याची उंची कशी कळती?" मी म्हणालो, "अण्णा, हिरीत सूर मारून खाली गेलं की कान दुखतात न्हवं? जितकं खोल, तितकं जास्त. तसाच ह्याला कान हाय." शास्त्राच्या भाषेत, १ मीटर पाण्याचा दाब सुमारे ९.८ किलोपास्कल. विहीर असो वा नदी, रुंदीशी दाबाचा संबंध नाही, फक्त वर किती पाणी आहे याच्याशी.

मात्र पाण्यावर हवाही असते व तिचा दाब जवळजवळ १० मीटर पाण्याइतका भरतो. तो रोज थोडा बदलतो. एक मिलिबार फरक पडला तरी पातळीत सुमारे १ सेंटिमीटरची चूक होते. म्हणून यंत्राच्या केबलमधून केसासारखी बारीक नळी वर उघड्या हवेपर्यंत आणलेली असते. हवेचा दाब दोन्हीकडून सारखा लागतो आणि उरतो तो केवळ पाण्याचा. त्या नळीत दमट हवा शिरू नये म्हणून तोंडाशी निळे खडे ठेवतात. ओलावले की ते गुलाबी होतात, मग बदलायचे.

खरी मेहनत जागा निवडण्यात. यंत्र उन्हाळ्यातल्या सर्वांत कमी पाण्याच्याही खाली हवे, पण तळाला टेकता कामा नये, नाहीतर गाळात पुरले जाईल. थेट धारेतही नको, कारण वेगाने पाणी वाहते तेथे दाब खोटा लागतो. म्हणून खांबाच्या आडोशाला भोके पाडलेला लोखंडी पाईप बोल्टांनी आवळला व आत तारेने यंत्र लोंबकळत ठेवले. मग दुर्बिणीने पातळ्या घेऊन यंत्राचा आकडा मोजपट्टीशी जुळवला. दर १५ मिनिटांनी ते स्वतःच नोंद करू लागले. अण्णांचे काम आता जाणार, असे गावात जो तो म्हणू लागला.

जूनमध्ये पहिला पूर येऊन गेला आणि यंत्र अण्णांच्या वहीपेक्षा जास्त पाणी दाखवू लागले. तपासायला आलेल्या साहेबांनी अण्णांना सर्वांदेखत विचारले, "आकडे घरी बसून भरता काय?" अण्णा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर जेवलेही नाहीत.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. साहेबांकडून यंत्राचे आकडे आधीच उतरवून घेतले होते. पुरानंतरचे ९ दिवस शेजारी शेजारी मांडले. पाणी कमी असो की जास्त, फरक प्रत्येक वेळी ११ सेंटिमीटर! घरी बसून भरलेले आकडे कधी वर, कधी खाली चुकले असते. हवेची नळी तुंबली असती तर फरक रोज बदलला असता. धारेचा दोष असता तर तो पाण्याच्या वेगाबरोबर कमीजास्त झाला असता. सदैव सारखाच फरक याचा अर्थ यंत्रच ११ सेंटिमीटर खाली सरकले होते. त्याच्या डोक्यावर तितके पाणी वाढले होते, ओढ्यात नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी कागद दाखवला. साहेबांनी तो दोनदा वाचला व पाईपचे झाकण उघडायला लावले. पकड ढिली होऊन तार सरकली होती. तारेवर पूर्वीच्या पकडीची खूण स्पष्ट होती. टेप लावली तर बरोबर ११ भरले. साहेब म्हणाले, "वही चालू ठेवा. पट्टीवाचून हे यंत्र तपासायचे कशावर?" झाल्या बोलण्याबद्दल मात्र ते काही म्हणाले नाहीत. मला ते खटकले, अजूनही खटकते.

अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली, पट्टीकडे पाहिले आणि ८ चा आकडा लिहिला. साडेआठ वाजून गेले होते, म्हणून पुढे तेही लिहिले.