मोसमाआधीचं मैदान

मेलबर्न शहरात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, तुम्ही कुठून आलात? आणि दुसरा, तुमचा संघ कोणता? या दुसऱ्या प्रश्नातला संघ क्रिकेटचा नसतो, फुटबॉलचा असतो. आणि फुटबॉल म्हणजे आपल्याकडे गोव्यात किंवा कोल्हापुरात खेळतात तोही नव्हे. लांबट चेंडूनं, लंबगोल मैदानावर खेळला जाणारा हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. इथली माणसं त्याला लाडानं 'फुटी' म्हणतात. ऑफिसात, दुकानात, मुलांच्या शाळेच्या फाटकापाशी हा प्रश्न येतो आणि त्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. माझं उत्तर आहे वेस्टर्न बुलडॉग्ज. मी शहराच्या पश्चिम भागात राहतो आणि हा पश्चिमेचा संघ आहे. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या त्याच बाजूच्या उपनगरांमध्ये भारतीय वस्ती मोठी आहे आणि त्यात मराठी घरंही पुष्कळ आहेत.

सामने तर सगळेच बघतात. आज मी सांगणार आहे ते सामन्यांबद्दल नव्हे, तर मोसम सुरू होण्याआधीच्या सरावाबद्दल. हा सराव बघायला माणसं मुद्दाम जातात, तासन्‌तास कुंपणाशी उभी राहतात. गुण मोजले जात नाहीत, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. मग तिथे बघायचं काय?

आधी खेळाची तोंडओळख करून घेऊ. दोन्ही बाजूंना मैदानावर अठरा-अठरा खेळाडू. प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेनं चेंडू मारला की गोल, म्हणजे 6 गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर 1 गुण. लाथ मारता येते, एका हातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसता येतो, पण हातानं फेकता येत नाही. चेंडू घेऊन पळायचं असेल तर दर पंधरा मीटरला तो जमिनीवर आपटून पुन्हा घ्यावा लागतो. पंधरा मीटर किंवा त्याहून लांबून आलेली लाथ अधांतरी झेलली की त्या झेलाला 'मार्क' म्हणतात. मग झेलणाऱ्याला कुणी अडवायचं नाही, त्यानं निवांत लाथ मारायची. ऑफसाइड नाही. एकेक डाव वीस मिनिटांचा, खेळ थांबला की घड्याळही थांबतं, आणि असे चार डाव. मैदान आपल्या क्रिकेटचंच, त्यामुळे पळावं लागतं भरपूर. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर सहज पळतो.

क्रिकेटचं आणि या खेळाचं नातं नुसतं मैदानापुरतं नाही. टॉम विल्स नावाचा एक क्रिकेटपटू होता. त्यानं जुलै 1858 मध्ये एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, तर त्यांचं अंग हलतं राहावं म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा. पुढच्या वर्षी, 17 मे 1859 रोजी मेलबर्नमध्ये या खेळाचे पहिले नियम कागदावर उतरले. म्हणजे क्रिकेटपटूंच्या अंगमेहनतीसाठी जन्मलेला हा खेळ. आज त्याच्याच अंगमेहनतीसाठी भर उन्हाळ्यात, ऐन क्रिकेटच्या दिवसांत, वेगळा सराव करावा लागतो!

इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. फुटीचा मोसम मार्चमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, लाखभर लोकांसमोर, अंतिम सामना होतो. मग खेळाडूंना काही आठवडे सुट्टी. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आधी तरुण खेळाडू परत येतात, मग ज्येष्ठ. नाताळात पुन्हा थोडी विश्रांती. त्या वेळी बॉक्सिंग डेचा कसोटी सामना चालू असतो. जानेवारीत खरी रगडपट्टी सुरू होते. फेब्रुवारीत संघ आपापसांत दोन तुकड्या करून खेळतो, मग दुसऱ्या क्लबांशी सराव सामने, आणि मार्च उजाडतो.

बुलडॉग्जचा सराव चालतो तो व्हिटन ओव्हलवर. हे मैदान बार्कली स्ट्रीटवर आहे. मेलबर्नच्या भारतीयांना हा रस्ता वेगळ्या कारणानं ठाऊक असतो. वेस्ट फुट्सक्रेच्या याच रस्त्यावर भारतीय उपाहारगृहांची आणि वाणसामानाच्या दुकानांची रांग आहे. डोसा खायला येणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की थोडं पुढे चालत गेलं तर ऑस्ट्रेलियातले नामवंत खेळाडू हाताच्या अंतरावर पळताना दिसतात? मैदानाबाहेर टेड व्हिटन यांचा पुतळा आहे. 321 सामने खेळलेला हा माणूस 'मिस्टर फुटबॉल' म्हणून ओळखला जायचा. 1995 साली तो गेला, त्याच वर्षी मैदानाला त्याचं नाव मिळालं. 1997 नंतर पुरुषांचे मुख्य स्पर्धेचे सामने इथे होत नाहीत, ते शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर गेले. महिलांचे सामने मात्र इथे होतात. बुलडॉग्जच्या महिला संघानं 2018 साली विजेतेपदही मिळवलं आहे.

आता सरावाकडे वळू. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, हा नुसता गोंधळ आहे. चाळीसएक माणसं, डझनभर चेंडू, जागोजागी प्लॅस्टिकचे रंगीत शंकू, आणि चारी बाजूंनी शिट्ट्या. पण थोडा वेळ उभं राहिलं की त्यातला क्रम दिसू लागतो.

सुरुवात लाथांपासून होते. इथली मुख्य लाथ म्हणजे 'ड्रॉप पंट'. चेंडू उभा धरायचा, अलगद सोडायचा आणि पायाच्या वरच्या भागानं असा मारायचा की तो स्वतःभोवती उलटा फिरत जाईल. ही उलटी फिरकी चेंडूला हवेत सरळ ठेवते आणि झेलणाऱ्याला सोपा जातो. व्हिटन ओव्हल वाऱ्यासाठी पहिल्यापासून प्रसिद्ध आहे. त्या वाऱ्यात चाळीस मीटरवरच्या, पळत्या सहकाऱ्याच्या छातीवर चेंडू पोचवणं किती कठीण आहे, ते टीव्हीवर कळत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. इथे तुम्ही एकाच खेळाडूकडे दहा मिनिटं बघू शकता. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या पायानं पन्नास लाथा मारतो आणि त्यातल्या निम्म्या चुकतात, तेव्हा सामन्यातली ती एक बरोबर लाथ कुठून येते याचा उलगडा होतो.

मग जमिनीवरचा चेंडू. लांबट चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. भरधाव पळत येऊन, कमरेत वाकून, तो एका झटक्यात उचलायचा हे कौशल्य पुन्हा पुन्हा घोटलं जातं. त्यानंतर लहानशा चौकोनात सात-आठ जण एकमेकांना मुठीनं चेंडू देतात, मधले दोघे-तिघे हिसकावायला बघतात. शेवटी येतो तो लुटुपुटूचा सामना, 'मॅच सिम्युलेशन'. कुंपणाशी उभ्या माणसांच्या गप्पा तेव्हा थांबतात.

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, प्रत्येकाच्या बनियनमध्ये एक लहानसं यंत्र असतं. उपग्रहांच्या मदतीनं ते खेळाडू किती पळाला, किती वेगानं पळाला हे नोंदवतं. अशी यंत्रं बनवणारी कॅटापुल्ट ही कंपनी मेलबर्नचीच. त्यामुळे कुणी दमला की दमल्याचं सोंग करतोय, हे प्रशिक्षकाला संगणकावर दिसतं. पण जुनी परीक्षाही सुटलेली नाही. दोन किलोमीटरची शर्यत बहुतेक क्लबांत होतेच. सहा मिनिटांच्या आत येणारा उत्तम मानला जातो. कोण पहिला आला यापेक्षा गेल्या वर्षी मागे राहिलेला यंदा कुठे आला, याची चर्चा कुंपणाशी जास्त होते.

आता खरं बघण्यासारखं काय, ते सांगतो. एका क्लबाकडे चाळीसहून अधिक खेळाडू करारावर असतात. मैदानावर उतरतात अठरा आणि बदली मोजकेच. म्हणजे दर आठवड्याला जवळपास निम्मे बाहेर राहतात. काहींना वर्षभर संधी मिळत नाही, आणि मोसम संपला की त्यांतल्या कित्येकांचा करारही संपतो. त्यांच्या जागी नोव्हेंबरातल्या निवडीत अठरा वर्षांची नवी मुलं येतात. या निवडीला 'ड्राफ्ट' म्हणतात. 1986 पासून ही पद्धत आहे. शेवटच्या क्रमांकावरच्या संघाला पहिली निवड, विजेत्याला सगळ्यात शेवटी. मुलानं संघ निवडायचा नाही, संघानं मुलगा निवडायचा. पर्थचा मुलगा एका संध्याकाळी मेलबर्नचा होऊन जातो. या नव्या मुलांचे खांदे अजून भरलेले नसतात. पहिल्या काही दिवसांत त्यांना ज्येष्ठांच्या धडका बसतात, तेव्हा शाळेतला खेळ आणि हा खेळ यांतलं अंतर आपल्यालाही समजतं.

त्यात काही जण असे, की ज्यांच्याकडे करारच नसतो. 2019 च्या मोसमापासून एक सोय झाली आहे. क्लबाकडे जागा शिल्लक असेल, तर बाहेरच्या खेळाडूला सरावाला बोलवायचं आणि मोसमाआधी पसंत पडला तर घ्यायचं. त्या मुलाचा प्रत्येक सराव म्हणजे मुलाखत असते. तो प्रत्येक शर्यतीत पुढे असतो, खाली पडलेल्या चेंडूमागे सगळ्यांत आधी धावतो. त्याच्यासाठी टाळी वाजवणारे दोघे-चौघे कुंपणाशी असतात, एवढंच.

आणि मैदानाच्या कडेला, सगळ्यांपासून दूर, दुखापतीतून उठणाऱ्यांचा गट. गुडघ्यातला बंध तुटला तर परत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. आधी सरळ चालणं, मग सरळ पळणं, मग वळणं. अगदी शेवटी दुसऱ्याच्या अंगावर झेपावणं. गेल्या आठवड्यात सरळ पळणारा आज वळून पळाला, ही कुंपणाशी उभ्या माणसांसाठी मोठी बातमी असते. बुलडॉग्जचा टॉम लिबरटोरे 2015 चा अख्खा मोसम गुडघ्यामुळे मुकला. 2016 च्या अंतिम सामन्यात तो खेळला. 2018 च्या पहिल्याच सामन्यात गुडघा पुन्हा गेला, आणि तो पुन्हा परत आला. त्याचे वडील टोनी हेही याच क्लबाचे. 1990 चे सर्वोत्कृष्ट खेळाडूचं ब्राउनलो पदक त्यांना मिळालं होतं, पण अंतिम सामना त्यांच्या वाट्याला कधी आला नाही.

ही माणसं सरावाला का येतात, याचं उत्तर मला क्लबाच्या इतिहासात मिळालं. फुट्सक्रे हा कामगारवस्तीचा क्लब. 1925 मध्ये तो मोठ्या स्पर्धेत आला. 1954 मध्ये पहिलं विजेतेपद, आणि पुढे बासष्ट वर्षं काहीच नाही. 1989 मध्ये कर्ज इतकं वाढलं, की स्पर्धेच्या चालकांनी फिट्झरॉय या दुसऱ्या गरीब क्लबात त्याचं विलीनीकरण जाहीर केलं. तेव्हा पश्चिमेतली माणसं उठली. पीटर गॉर्डन नावाच्या वकिलानं पुढाकार घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, थोडी मुदत मिळाली. लोकांनी डबे हातात घेऊन रस्त्यारस्त्यावर, दारोदार पैसे गोळा केले. क्लब वाचला. फिट्झरॉय मात्र 1996 नंतर ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. 'वेस्टर्न बुलडॉग्ज' हे नावही त्याच सुमाराला, 1997 च्या मोसमापासून आलं.

पुढे 2016 मध्ये सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत गेलेल्या या संघानं पर्थला, मेलबर्नला आणि सिडनीत एकापाठोपाठ एक सामने जिंकले, आणि 1 ऑक्टोबरला सिडनी स्वान्सला 89-67 असं हरवून विजेतेपद घेतलं. कर्णधार बॉब मर्फी एप्रिलमध्येच गुडघा दुखावून बाहेर बसला होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला व्यासपीठावर बोलावलं आणि आपल्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. कुंपणाशी उभं राहणाऱ्या जुन्या माणसांना हे सांगताना आजही गहिवरून येतं. बॉब त्या वर्षभर कडेच्या गटात होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

परक्या देशात आपलेपणा विकत मिळत नाही. तो वेळ देऊन मिळवावा लागतो. सामन्याचं तिकीट काढून चाळीस हजारांत बसलो, तर शेजारच्याशी दोन शब्द होतात. सरावाला वीस-पंचवीस माणसं असतात. तिसऱ्या खेपेला कुणीतरी थर्मासमधला चहा पुढे करतं. आठवड्याभरानं तुम्ही गेला नाहीत तर विचारणा होते. नव्या मुलाबद्दल तुमचं मत विचारलं जातं, आणि ते चुकीचं वाटलं तर तोंडावर सांगितलंही जातं. निवृत्त कामगार, व्हिएतनामी आजोबा, पाळण्यातलं मूल घेऊन आलेली आई आणि मी. आमचं एरवी बोलणं व्हायचं काही कारण नव्हतं.

मेलबर्नला कुणी मराठी कुटुंब राहायला आलं असेल, किंवा मुलाकडे तीन महिन्यांसाठी आई-वडील आले असतील आणि दिवस जाता जात नसेल, तर त्यांनी जानेवारीतल्या एखाद्या सकाळी जरूर जावं. सराव लोकांना खुला आहे ना, हे क्लबाकडे आधी विचारून घ्यावं. सगळेच दिवस खुले नसतात. ऊन फार कडक असतं, म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली न्यावी. तिथे एकच खेळाडू निवडावा, शक्यतो नाव ठाऊक नसलेला, आणि तासभर फक्त त्याच्याकडे बघावं. मार्चमध्ये संघाची यादी छापून येईल, तेव्हा त्यात तुम्ही आधी त्याचं नाव शोधाल.