नदीकाठच्या घराची पूर्वतयारी

कृष्णा-पंचगंगा खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले असल्याने तेथील नदीकाठच्या कुटुंबांसाठी पूर्वतयारी ही पावसाळ्यापूर्वीच्या घरकामाचा भाग असायला हवी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी, म्हणजे स्थलांतराची सिद्धता ठेवण्याची मर्यादा, ३९ फूट असून धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० व ४५ फूट आहेत. गावातला पाऊस थांबला म्हणून निर्धास्त होणे मात्र चुकीचे ठरते, कारण राधानगरीसारखे धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात आणि घाटमाथ्यावरचे पाणी काही तासांनी खाली पोहोचते.

सातबारा, शिधापत्रिका, बँकेची पुस्तके आणि नियमित औषधे एकाच जलरोधक पिशवीत ठेवावीत. घर सोडताना विजेचा मुख्य खटका व सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. जनावरे आधीच उंचावर हलवावीत, कारण दावणीला बांधलेले जनावर बुडण्यापासून स्वतःला वाचवू शकत नाही, आणि त्याच्या ओढीने माणसेही अखेरपर्यंत घर सोडत नाहीत.

ओसरलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. उंदरांच्या मूत्रातील या रोगाचे जिवाणू पायांच्या जखमांतून शरीरात शिरतात, म्हणून चिखल काढताना गमबूट आवश्यक आहेत आणि पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७ आहे.