गिअर खाली येतो तो दिवस

सकाळी साडेसात

उद्यमनगरातली निम्मी शटरं अजून बंद आहेत. गाडी काल संध्याकाळीच पिटवर घेऊन ठेवली, म्हणजे सकाळी खाली हात घालताना सायलेन्सरचे चटके बसत नाहीत. १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट. पुढच्या वर्षी हीच गाडी पद्मिनी नावानं निघू लागली, पण कोल्हापुरात दोन्हींना फियाटच म्हणतात. आजचं काम एकच: स्टिअरिंगवरचा गिअर उतरवून खाली मजल्यावर आणायचा.

बॅटरीची वायर आधी सोडतो. मग पत्र्याचा एक रिकामा डबा आणि चिठ्ठ्यांची गड्डी हाताखालच्या पोराच्या हातात देतो. गाडीतून आज निघणारी प्रत्येक पिन, स्प्रिंग, वायसर नाव लिहून या डब्यात जाणार. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची झाली, तर ती नेता आली पाहिजे. ही अट ज्याला मान्य नाही त्याचं काम मी घेत नाही.

आठ

गाडीच्या मालकीणबाई येतात. निवृत्त शिक्षिका आहेत, गाडी त्यांच्या वडिलांची. काम सुरू करायच्या आधी त्यांना पिटच्या कडेला बोलावतो आणि दांड्याला हात लावून दाखवतो. दांडा न्यूट्रलमध्ये आहे, तरी बोटानं हलवला की चांगला चार बोटं झुलतो. मग खालचा एक जोड सोडून पिन हातात देतो. गोल पिन एका बाजूनं झिजून बदामासारखी झाली आहे.

"ताई, गिअर अडकतो तो याच्यामुळं. पिना आणि बुश बदलले तर वरचाच गिअर पुन्हा लोण्यासारखा पडेल. खाली आणायची गरज नाही."

हे मी प्रत्येकाला सांगतो. फ्लोअर गिअर मागायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गाडीला खरा आजार हाच असतो. वरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जोडांची साखळी आहे, प्रत्येक जोडात केसभर ढील पडली की शेवटी मुठीशी ती सगळी एकत्र येते. दोन गिअर एकदम धरले जातात आणि मग भर रस्त्यात बॉनेट उघडून लिंकेज हातानं ओढून सोडवायचं. फियाट चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

"दादा, तुमचं खरं आहे," ताई म्हणतात, "पण माझा खांदाच वर जात नाही. डावा हात इथपर्यंतच येतो." हात छातीपर्यंत उचलून दाखवतात. आपल्या गाड्यांत हा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असतो. वडिलांची गाडी विकायची नाही आणि दारात नुसती उभीही करायची नाही, चालवायची आहे. यापुढं माझ्याकडं बोलण्यासारखं काही उरत नाही.

नऊ

हा बदल काही परका नाही, हेही त्यांना सांगितलं. फियाटच्या १९३७च्या ११००ला गिअर खालीच होता. १९४९च्या ११०० ई मॉडेलला तो स्टिअरिंगवर चढला. पुढच्या बाकावर तिसरा माणूस बसायचा तर मधे दांडा नको, हा त्यातला मोठा फायदा. १९६६ साली इटलीत ११०० आर निघाली तेव्हा कंपनीनं स्वतःच गिअर पुन्हा मजल्यावर आणला, लांब सडपातळ दांड्याचा. आपल्याकडं प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तिच्या आधीची ११०० डी, म्हणजे हीच गाडी, चालू राहिली आणि तिच्याबरोबर वरचा गिअरही. अ‍ॅम्बॅसॅडरचीही तीच गोष्ट: नव्वदच्या दशकात इसुझूचं १८०० इंजिन आलं, तेव्हा पाच गिअरांचा दांडा खाली आला. मी आज जे करतोय त्यात मला त्या ११०० आरचाच आधार वाटतो.

काहीजण प्रीमियरच्याच नंतरच्या ११८ एनईचा गिअरबॉक्सच आणून बसवा म्हणतात. मी टाळतो. गिअरबॉक्स बदलला की त्याच्या मागं क्लच प्लेट, प्रोपेलर शाफ्टची लांबी, क्रॉस मेंबर, स्पीडोमीटरची केबल, सगळं बदलत जातं. ताईंना दांडा खाली हवाय, दुसरी गाडी नकोय.

गिअर न्यूट्रलला ठेवून गिअरबॉक्सच्या लिव्हरवर पंचनं खूण करतो, मग रॉड सोडतो. स्टिअरिंगच्या बाजूची नळी जागेवरच राहू देतो, फक्त वरचा दांडा काढून त्या भोकाला रबरी बूच. पोरगा चिठ्ठ्या लिहितोय. अक्षर चांगलं आहे.

दहा ते बारा

ब्रॅकेट मागच्या आठवड्यात मापं घेऊन करून ठेवलाय, सहा मिलीमीटर पट्टीचा. तो कुठं बसवायचा यावर या कामाचं सगळं भवितव्य आहे.

सोपी जागा दिसते ती मजल्याचा पत्रा. चार भोकं पाडा, दांडा बसवा, अर्ध्या तासाचं काम. आणि हेच सगळ्यात वाईट काम. इंजिन-गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते एका अंगाला कलतात, सोडला की परततात. बॉडी मात्र जागेवर राहते. दांडा बॉडीला बांधला तर गिअरबॉक्स त्याच्याखाली हलतो आणि चढावर, जोर लागलेला असताना, गिअर आपोआप सुटतो. म्हणून माझा ब्रॅकेट गिअरबॉक्सच्याच दोन बोल्टांवर बसतो. बोल्ट ब्रॅकेटच्या जाडीइतके जास्त लांब घेतले आहेत, मूळचे डब्यात गेले. आता गिअरबॉक्स हलला तर दांडाही त्याच्याबरोबर हलेल. मूठ किंचित थरथरेल, ते चालतं.

दुसरी अडचण दिशेची. वरच्या गिअरला दोन हालचाली असतात. एका हालचालीनं पहिला-दुसरा की तिसरा-चौथा ती गल्ली निवडली जाते, दुसरीनं गिअर पडतो. खालच्या दांड्याच्याही दोनच: आडवी आणि उभी. पण दांडा मधल्या गोळ्यावर झुलतो, मूठ पुढं गेली की खालचं टोक मागं जातं. सरळ रॉड जोडला तर नकाशाच उलटा होतो, पहिल्याच्या जागी दुसरा. म्हणून मधे एक बेलक्रँक घेतलाय, म्हणजे अशी लिव्हर, जी ढकलणं ओढण्यात बदलते. तिच्या भुजांची लांबी ठरवते की मुठीला किती फिरावं लागेल. दांडा गोळ्याच्या वर तीनशे मिलीमीटर आणि खाली साठ, म्हणजे पाचास एक. खालचं टोक पंधरा मिलीमीटर सरकायचं असेल तर मूठ पंचाहत्तर सरकेल. यापेक्षा आखूड केला तर बघायला झोकदार, पण जोर जास्त लागतो. ताईंचा खांदा लक्षात घेऊन पाचच ठेवले.

बारा

बेलक्रँकचा बुश घ्यायला शेजारच्या लेथवर. "मामा, पिन फिरली पाहिजे, हलली नाही पाहिजे," एवढंच सांगावं लागतं. गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरून ते पिनच्या मापानं बोअर करतात, तेलाला एक बारीक भोकही पाडतात, न सांगता. पिन आत सोडली तर स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली उतरते. कोल्हापुरात हे काम असं दहा पावलांवर होतं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. फौंड्री, लेथ, ग्राइंडिंग, सगळं एका हाकेवर.

दीड

भाकरी, झुणका, पंधरा मिनिटं पाठ टेकणं.

दोन

पत्र्याला हात लावायच्या आधी पुठ्ठ्याचा दांडा करून जागेवर धरतो आणि ताईंना सीटवर बसवतो. सीट त्या ठेवतात तितकी पुढं. दुसऱ्या आणि चौथ्याला मूठ मागं येते तेव्हा ती बाकाच्या कडेला लागता कामा नये, पहिल्या-तिसऱ्याला बोटं डॅशबोर्डपासून मोकळी पाहिजेत. मधेच थोडी वाकण द्यावी लागते. हात कुठपर्यंत सहज जातो ते त्या सांगतात, मी पुठ्ठ्यावर पेन्सिलनं रेघ मारतो. सळई त्या रेघेवर वाकवली.

मग भोक. आधी पिटमध्ये उतरून टॉर्चनं खालून बघून घेतो: ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायरी. वरून होलसॉ चालवतो. निघालेली पत्र्याची चकती पुसून, तिच्यावर पुढची बाजू बाणानं दाखवून डब्यात ठेवतो. आज पूर्ण दिवसात गाडीला झालेली हीच एक जखम. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यात गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. ताईंना गाडी रोज चालवायची म्हणून ती नोंदणी त्यांनी घेतलेली नाही, पण पुढच्या पिढीला घ्यावीशी वाटली तर ही चकती लागेल. कडेला रेड ऑक्साइड, वर रबरी बूट, त्याच्यावर चामड्याचा. दोन थर हवेतच, नाहीतर खालची गरम हवा आणि धूर थेट पायाशी येतो.

चार

जुळवणी. गिअरबॉक्स खुणेवर न्यूट्रलला, दांडा तिसऱ्या-चौथ्याच्या गल्लीत उभा. आता रॉडचं टोक आट्यांवर फिरवत जायचं. पिन दाबून बसवावी लागली तर माप चुकलंय. टोक अर्धा आटा फिरवतो, पुन्हा लावून बघतो. पिन बोटातून सुटून आपसूक भोकात जाते तेव्हा थांबायचं, चेकनट आवळायचा, स्प्लिट पिन घालायची.

यानंतरची तपासणी फार लोक सोडून देतात. प्रत्येक गिअर टाकून दांडा अजून थोडा पुढं ढकलून बघायचा. गिअरबॉक्सच्या आतली गोळी खाचेत बसल्याचा टक् असा ठोका हाताला लागला पाहिजे, आणि त्यानंतरही दांडा पत्र्याच्या कडेपासून मोकळा राहिला पाहिजे. ठोक्याआधी दांडा कडेला लागला तर गिअर अर्धाच बसतो, दात झिजतात. चौथ्याला कड जवळ येत होती, भोक त्या बाजूला कानशीनं थोडं वाढवलं. रिव्हर्सच्या गल्लीआड जाड स्प्रिंग, म्हणजे चुकून दांडा तिकडं जाणार नाही.

साडेपाच

पन्हाळ्याचा रस्ता. सपाटीवर कुठलाही गिअर चांगलाच वाटतो, खरी परीक्षा चढावर. वाघबीळ मागं टाकून चढण लागते तिथं दुसऱ्यात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देतो आणि एकदम सोडतो. पुन्हा देतो, पुन्हा सोडतो. मूठ हातात हलते, गिअर सुटत नाही. तिसरा, परत दुसरा. पहिल्याला सिंक्रो नाही, त्यामुळं तो गाडी उभी असतानाच.

परत येताना ताई चालवतात. पहिली काही मिनिटं हात सवयीनं वर जातो, हवेत थांबतो, मग खाली येतो. शहरात शिरेपर्यंत तो सरळ मुठीवर जायला लागतो. खांदा जागचा हलत नाही.

साडेसात

पुन्हा पिटवर. गरम झाल्यावर सगळे नट एकदा आवळायचेच. ब्रॅकेटचा एक बोल्ट पाव फेरा फिरला. डबा डिकीत स्टेपनीशेजारी बांधून दिला, आतल्या सामानाची यादी झाकणाच्या आतून चिकटवली. पाचशे किलोमीटरला चेकनट आणि बुशचं तेल बघायला आणायची, हे ताईंनी समोरच डायरीत लिहून घेतलं.